गटाचं दुसरं खातं : लिमिट, उचल आणि दर महिन्याचा भरणा

बैठकीत ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि ज्याचं उत्तर सगळ्यात घाईत दिलं जातं, त्या विषयावर आज निवांत बोलू. विषय आहे गटाचं बँकेतलं दुसरं खातं.

पहिलं खातं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते बचत खातं. दर महिन्याची शंभर-दोनशे रुपयांची बचत त्यात जाते, फिरता निधी त्यातच येतो. दुसरं खातं म्हणजे कॅश क्रेडिट, आपल्या बोलीत सीसी. हे खातं धंदेवाल्यांच्या ओव्हरड्राफ्टसारखं चालतं. बँक एक मर्यादा ठरवून देते. त्या मर्यादेत गटाने पाहिजे तेव्हा उचलायचं, जमेल तेव्हा भरायचं, पुन्हा लागलं तर पुन्हा उचलायचं. जेवढे पैसे जितके दिवस वापरले, तेवढ्याचंच व्याज.

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं समजा. दुकानदाराने मनात एक आकडा धरलेला असतो, त्याच्यापुढे तो उधार देत नाही. सोयाबीन विकलं की आपण वही कमी करतो, पुढच्या महिन्यात पुन्हा साखर-तेल आणतो. आणि मध्येच तीन महिने आपण तोंडच दाखवलं नाही, तर तो वही बंद करतो. बँकही तेच करते. फरक एवढाच की बँकेचे दिवस मोजलेले आणि लिहिलेले आहेत. ते दिवस माहीत नसल्यामुळे चांगल्या चालणाऱ्या गटाचंही खातं अडकतं, आणि मग भरणारी आणि न भरणारी अशा दोघींचीही गैरसोय एकदमच होते. म्हणून हे दिवस आणि हे आकडे गटातल्या प्रत्येकीला माहीत पाहिजेत. ते फक्त सचिवताईंपुरते ठेवून चालत नाही.

ही सोय आली कुठून

नाबार्डने १९९२ साली देशात ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला. तारण नसलेल्या बायकांना बँकेने कर्ज द्यावं, आणि तारण म्हणून गटाची शिस्त धरावी, हा त्यामागचा विचार. पुढे महाराष्ट्रात २०११ पासून उमेद अभियान उभं राहिलं. त्याच्या आधीपासून माविमचं काम होतंच. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, आणि पुढे देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांत त्याचं नाव आलं. कारखाने कमी, कोरडवाहू शेती जास्त. अशा ठिकाणी बाईच्या हातात वेळेवर दहा हजार रुपये येणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून हे खातं जपायचं.

मर्यादा कशी ठरते

राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले आहेत. गट किमान सहा महिने चालू असला पाहिजे. हे सहा महिने गटाच्या वह्यांवरून मोजायचे, बँकेत खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. पंचसूत्री पाळलेली पाहिजे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वेळच्या वेळी लिहिलेल्या वह्या. गटाचं मूल्यांकनही होतं.

सीसीमध्ये बँकेने पात्र गटाला किमान ६ लाख रुपयांची मर्यादा ३ वर्षांसाठी मंजूर करावी असं सांगितलेलं आहे. पण सहा लाख पहिल्याच दिवशी उचलता येत नाहीत. दर वर्षी किती उचलता येतील याचा वेगळा आकडा असतो. त्याला बँकेत ड्रॉइंग पॉवर किंवा डीपी म्हणतात.

पहिल्या वर्षी डीपी म्हणजे गटाच्या एकूण निधीच्या ६ पट, किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. दुसऱ्या वर्षी निधीच्या ८ पट किंवा ३ लाख, यातलं जास्त. तिसऱ्या वर्षी किमान ६ लाख, पण तो गटाचा कर्ज आराखडा आणि मागची परतफेड पाहून. हा आराखडा म्हणजे आपण ज्याला एमसीपी म्हणतो तो.

निधीत नुसती बचत धरायची नाही. सदस्यांकडून आलेलं व्याज, मिळालेला फिरता निधी, दुसरं काही उत्पन्न, हे सगळं त्यात येतं. समजा गटात १२ जणी आहेत, दर महिन्याला १०० रुपये बचत आहे आणि दोन वर्षं झाली. बचत झाली २८,८००. अंतर्गत कर्जाचं व्याज ३,२०० आणि फिरता निधी १५,००० धरा. निधी झाला ४७,०००. त्याची ६ पट म्हणजे २,८२,०००. नुसती बचत दाखवली असती तर १,७२,८०० वरच थांबलो असतो. वही नीट लिहिल्याने गटाची पत एक लाखाहून जास्त वाढली. म्हणून प्रस्ताव देण्याआधी सीआरपी ताईंना सोबत घेऊन निधीचा आकडा पक्का काढा.

खातं उघडताना

अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांची ओळखपत्रं बचत खात्याच्या वेळी दिलेली असतात. कर्जाच्या वेळी बँक सगळ्याच सदस्यांची कागदपत्रं मागू शकते, म्हणून प्रत्येकीच्या आधारच्या प्रती तयार ठेवा. आधारवरचं नाव आणि गटाच्या वहीतलं नाव सारखं आहे का ते आधीच पाहा. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलं की फेऱ्या वाढतात. गटाच्या नावाचं पॅनकार्ड नाही म्हणून खातं अडू नये, त्यासाठी ठरलेला फॉर्म भरून देता येतो.

बाकीचे कागद म्हणजे कर्ज मागणीचा ठराव, सगळ्यांच्या सह्यांचा आपसातला करार, बँकेचा करारनामा आणि एमसीपी. करारावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. त्यात लिहिलेलं असतं की कर्ज सगळ्या गटाचं आहे. एकीने थकवलं तरी नाव सगळ्यांचं जातं. हे वाक्य ऐकल्यावर जिला माघार घ्यायची असेल तिला घेऊ द्या. नंतर भांडण होण्यापेक्षा ते बरं.

आणि एक महत्त्वाचं. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही आणि मुदत ठेवीची अट घालायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुठे अशी अट घातली गेली तर वाद घालू नका. ती अट लेखी मागा. मग तालुका अभियान कक्षाला सांगा, तिथून जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांपर्यंत जाता येतं. बँकेकडे लेखी तक्रार देऊनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा फोन नंबर आहे.

उचल : गरजेपुरती आणि ठरावानेच

सगळ्यात मोठी चूक इथे होते. मर्यादा मंजूर झाली की पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम उचलायची आणि बचत खात्यात वळती करायची. मग सीसी आणि साध्या मुदत कर्जात फरकच राहत नाही. बचत खात्यावर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजाच्या अर्ध्याहूनही कमी असतं. म्हणजे आपण महाग पैसा घेऊन स्वस्तात ठेवतो.

हिशेब करून पाहू. व्याजाचा दर ७ टक्के धरू. केंद्राच्या व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी हाच दर ठरवलेला आहे. तुमचा दर मंजुरीपत्रावर लिहिलेला असतो, तो पाहून घ्या.

एका गटाची डीपी दीड लाख आहे. पेरणीसाठी १ जूनला ६०,००० उचलले. १ जुलैला खत आणि निंदणासाठी आणखी ४०,००० उचलले. सोयाबीन विकून ३१ ऑक्टोबरला एक लाख भरले, आणि मधलं व्याज दर महिन्याला भरत गेलो. जूनचं व्याज झालं ३४५ रुपये. पुढच्या १२३ दिवसांचं एक लाखावर २,३५९ रुपये. एकूण सुमारे २,७००.

दुसऱ्या गटाने तेच दीड लाख १ जूनलाच सगळे उचलले आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत ठेवले. १५३ दिवसांचं व्याज झालं सुमारे ४,४००. कामाला लागले लाखच, पण १,७०० रुपये जास्त गेले. एवढ्यात गटाचा सतरा महिन्यांचा एका बाईचा शंभर रुपये बचतीचा वाटा होतो.

म्हणून बैठकीत आधी मागण्या घ्या, कोणाला कोणत्या महिन्यात किती लागणार ते लिहा, आणि त्या महिन्यापुरतीच उचल करा. प्रत्येक उचलीला वेगळा ठराव हवा. कोरा चेक किंवा कोरी विड्रॉल स्लिप सही करून कोणाकडेही ठेवू नका, मग ती व्यक्ती कितीही विश्वासाची असो. तिघींपैकी दोघींनी सही करायची पद्धत आपल्याच रक्षणासाठी आहे. काही ठिकाणी बँक सखीकडेही दोन पदाधिकाऱ्यांचे अंगठे लावून गटाचा व्यवहार होतो. तिथे पावती घेतल्याशिवाय उठू नका.

मर्यादा काठोकाठ कधीच वापरू नका. दीड लाखाची डीपी आणि दीड लाख उचललेले असले, तर महिनाअखेरीस ८६३ रुपये व्याज खात्यावर चढतं आणि बाकी होते १,५०,८६३. आपण एक रुपयाही जास्त उचलला नाही, तरी खातं मर्यादेच्या वर गेलं. चार-पाच हजारांची जागा नेहमी मोकळी ठेवा.

२ लाखांच्या वर कर्ज असेल तर त्यातलं किमान निम्मं, आणि ४ लाखांच्या वर असेल तर ७५ टक्के उत्पन्नाच्या कामाला लागलं पाहिजे, असाही नियम आहे. उरलेल्यातून घरची गरज भागवता येते, महागडं कर्जही फेडता येतं. समजा एखादीने सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने ३०,००० घेतले आहेत. तिला महिन्याला ९०० रुपये नुसतं व्याज जातं. तेवढ्याच पैशाला बँकेचं व्याज महिन्याला १७३ रुपये. गटाने आतून शेकडा १ रुपया लावला तरी तिला ३०० रुपये पडतात, आणि वरचा फरक तिच्याच गटात राहतो.

भरणा : ३० दिवस आणि ९० दिवस

आता त्या मोजलेल्या दिवसांकडे येऊ.

सीसी खात्यात नियमित परतफेड कशाला म्हणायचं, याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, बाकी सलग ३० दिवसांहून जास्त मर्यादेच्या वर राहता कामा नये. दुसरी, खात्यात उचल आणि भरणा चालू पाहिजे, आणि दर महिन्यात गटाने स्वतः केलेला किमान एक भरणा पाहिजे. बँकेने केलेली नोंद किंवा सरकारकडून जमा झालेली सवलत त्यात धरत नाहीत. तिसरी, त्या महिन्याचा भरणा त्या महिन्यात लागलेल्या व्याजापेक्षा कमी नको. राज्य सरकारची सुमतीबाई सुकळीकर यांच्या नावाची योजना नियमित फेडणाऱ्या गटांचा व्याजाचा भार शून्यावर आणण्यासाठी आहे. तेव्हा या तीन कसोट्या म्हणजे आपल्या पदरात पडणारे किंवा निसटणारे पैसे आहेत.

त्याहून कडक रेषा ९० दिवसांची. बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत एकही भरणा झाला नाही, किंवा झालेला भरणा त्या काळातल्या व्याजाला पुरला नाही, तर खातं थकीत धरलं जातं. बँकेच्या भाषेत एनपीए. वार्षिक नूतनीकरणाचंही तसंच आहे. मुदत उलटून १८० दिवस झाले आणि नूतनीकरण झालं नाही, तर पैसे भरत असूनही खातं एनपीए होऊ शकतं. म्हणून मंजुरीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि एक महिना आधीच शाखेत जा.

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये गटातल्या एकेका सदस्याच्या कर्जाची माहितीही पतमाहिती कंपन्यांना द्यायला बँकांना सांगितलं. सिबिल ही त्यातलीच एक कंपनी. म्हणजे गटाचं बिघडलेलं खातं उद्या मुलाच्या शिक्षणकर्जाच्या किंवा घराच्या कर्जाच्या वेळी आड येऊ शकतं.

हे सांगितलं की बैठकीत कोणीतरी विचारतंच, "ताई, दिवाळीच्या आंधी आमच्या घरात पैसाच येत नाही, मंग दर महिन्याला भरावं कुठून?"

प्रश्न खरा आहे. आपल्याकडे सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, तूर डिसेंबर-जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जून ते सप्टेंबर पैसा फक्त जमिनीत जातो. पण नियम काय म्हणतो ते पुन्हा पाहा. तो दर महिन्याला मुद्दल फेडा म्हणत नाही. त्या महिन्याच्या व्याजाइतका तरी भरणा करा म्हणतो. पूर्ण दीड लाख उचललेले असले तरी महिन्याचं व्याज ८६३ रुपये आहे. गटाने सदस्यांना शेकडा १ रुपया महिन्याने दिले असतील, तर महिन्याला १,५०० रुपये व्याज गटाकडे येतं. सगळ्यांकडे सारखं कर्ज असेल तर बारा जणींत प्रत्येकी १२५ रुपये. ऐन श्रावणातही हे जमू शकतं. सीसी खात्यात ते १,५०० भरले की व्याज फिटलं, वरचे ६३७ मुद्दलातून गेले.

आणि गटातल्या सगळ्याच जणी फक्त सोयाबीनवर नसतात. एखादीकडे दूध आहे, तिला दर दहा दिवसांनी पैसे मिळतात. एखादी शिवणकाम करते, एखादीचं किराणा दुकान आहे. ज्यांना शेती नाही त्यांना उलट निंदणाच्या दिवसांतच रोजची मजुरी मिळते. शेतीवाल्या ताईंच्या भरण्याचा काळ दिवाळीनंतरचा ठेवा, मजुरीवाल्या ताईंचा जुलै-ऑगस्टमध्ये, दूधवाल्यांचा बारा महिने. हप्ता सगळ्यांना सारखाच आणि एकाच तारखेला असला की गट ऑगस्टमध्ये अडतो. हप्ता प्रत्येकीच्या कमाईच्या महिन्याप्रमाणे बांधला की बँकेच्या खात्यात बाराही महिने काहीतरी जातच राहतं.

एक पळवाट आम्ही ऐकतो, तीही सांगून टाकतो. सकाळी उसने आणून भरायचे आणि दुपारी तेवढेच उचलून परत करायचे. पासबुकात हालचाल दिसते, पण कर्ज एक रुपयाने कमी होत नाही. वर्षाच्या शेवटी तपासणीत ते कळतं, आणि डीपी वाढायची थांबते. ज्या गटाकडे महिन्याचं व्याजही जमत नाही, त्याने पळवाट शोधण्यापेक्षा बैठकीत नावं घेऊन बोलावं, नाहीतर ग्रामसंघाची मदत मागावी.

पासबुक वाचायचं कसं

बचत खात्यात शिल्लक आपली असते, सीसी खात्यात बाकी आपल्यावर असते. दोन्ही पासबुकं सारखीच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. सीसीच्या पासबुकात आकड्यापुढे डीआर किंवा वजा चिन्ह असेल तर तेवढं देणं आहे. ८५,००० दिसले म्हणजे ८५,००० आपल्याकडे आहेत असं समजू नका. दीड लाखाच्या डीपीत ८५,००० देणं म्हणजे अजून ६५,००० उचलता येतील एवढाच अर्थ.

दर बैठकीत तीन आकडे मोठ्याने वाचा : डीपी किती, आजची बाकी किती, शेवटचा भरणा कोणत्या तारखेला आणि किती. हे तीन आकडे ठरावाच्या वहीत लिहा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून कळतं की खातं सुखरूप आहे की नाही. पासबुक दर महिन्याला भरून आणा, आणि दोन्ही खात्यांच्या भरणा पावत्या वेगवेगळ्या ठेवा. बचतीचे पैसे चुकून सीसीत आणि हप्त्याचे पैसे चुकून बचतीत गेले, तर बचत खात्यात पैसे पडून असताना सीसी कोरडं राहतं.

धंद्याचं चालू खातं

आता काही गटांनी डाळ मिल घेतली आहे, काही जणी हळद-मिरचीचे मसाले करतात, पापड-कुरड्या विकतात. व्यापाऱ्याशी रोजची देणीघेणी सुरू झाली की चालू खातं लागतं. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि ठरावीक शिल्लक ठेवावी लागते, पण व्यवहार कितीही करता येतात, आणि धंदा पाहून बँक त्यावर ओव्हरड्राफ्ट देते.

एका बँकेत कर्ज असताना दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडायचं का, असं विचारलं जातं. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० ला याबद्दल कडक नियम आणले, कारण मोठे कर्जदार एका बँकेचं कर्ज घेऊन विक्रीचा पैसा दुसऱ्याच बँकेत फिरवत होते. त्या नियमांतही सगळं कर्ज मिळून ५ कोटींच्या आत असेल तर मनाई नव्हती, बँक एक लेखी हमी घेत असे. आपले गट या आकड्याच्या कितीतरी खाली आहेत. म्हणजे कायद्याने आडकाठी नाही.

पण ज्या कारणाने तो नियम आला ते आपल्यालाही लागू आहे. डाळीची विक्री नव्या खात्यात येऊ लागली आणि कर्ज जुन्या खात्यावर राहिलं, तर नवं खातं भरलेलं दिसतं आणि जुनं ९० दिवसांच्या रेषेकडे सरकतं. म्हणून दुसरं चालू खातं उघडायच्या दिवशीच ठराव करा की विक्रीतले इतके पैसे दर महिन्याच्या अमुक तारखेला कर्जखात्यात जातील. बँकेला तशी कायमची सूचनाही देता येते. शक्य असेल तर जिथे कर्ज आहे तिथेच चालू खातं ठेवा. दोन शाखांच्या फेऱ्या, दोन पासबुकं आणि दोन किमान शिल्लका वाचतात.

आपली स्वतःची छोटी सोय

गटाच्या खात्याव्यतिरिक्त प्रत्येकीच्या जनधन खात्यावरही ओव्हरड्राफ्टची सोय आहे. १८ ते ६५ वयापर्यंत, खातं नीट चालवलेलं असेल तर १०,००० रुपयांपर्यंत, त्यातल्या २,००० ला अटी नाहीत. शिवाय गटातल्या पडताळणी झालेल्या महिलांसाठी ५,००० रुपयांच्या ओव्हरड्राफ्टची सोय १८ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. दवाखान्यासाठी रात्री-अपरात्री लागणाऱ्या पैशाला ही सोय बरी. पण तीही उधारच आहे. पुढच्या महिन्यात खात्यावर जे पैसे येतील त्यातून ती आधी वळती होते, हे लक्षात ठेवूनच उचला.

तायांनो, सगळ्याच गटांनी सीसी घेतलंच पाहिजे असं आम्ही म्हणणार नाही. ज्या गटात अजून अंतर्गत कर्जाचीच परतफेड रखडते, त्याने आधी ती घडी बसवावी. ज्या गटाला एकदाच दोन म्हशी घ्यायच्या आहेत, त्याला ठरलेल्या हप्त्यांचं मुदत कर्ज सोयीचं. ज्या गटात पेरणी, दूध, शिवण, किराणा अशी वेगवेगळी कामं आहेत, पैसा येतो-जातो, त्याच्यासाठी सीसीसारखं दुसरं खातं नाही.

येत्या बैठकीत एक काम करा. सीसीचं पासबुक मधोमध ठेवा आणि गटातल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या ताईंना विचारा : आपली डीपी किती, बाकी किती, शेवटचा भरणा कधी? त्यांना तिन्ही उत्तरं सांगता आली, तर तुमचं खातं चांगल्या हातांत आहे. नाही सांगता आली, तर त्यांच्याशेजारी बसा आणि पासबुकाचं पान उघडा.